वनरक्षकाचा पहिला उन्हाळा: व्याघ्र प्रकल्पातल्या बीटवर फेब्रुवारी ते जून कसा काढायचा

गार्ड म्हणून जॉइन झाल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, वाघ दिसला का गं? दिसला, बऱ्याचदा दिसला, पण खरं सांगू का, फेब्रुवारी ते जून मी वाघापेक्षा सोलर पंप जास्त वेळा बघितलाय. ट्रेनिंगमध्ये कायदा शिकवतात, झाडांची शास्त्रीय नावं पाठ करून घेतात, परेड होते, सगळं ठीक आहे. पण पहिल्या उन्हाळ्यात बीटवर, म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, एकटं उभं राहिल्यावर सकाळी उठून आधी कोणतं काम धरायचं हे कुणी सांगत नाही. माझे सुरुवातीचे दोन महिने त्याच गोंधळात गेले म्हणून हे लिहितेय.

हे विदर्भातल्या पानझडी जंगलाला धरून आहे, म्हणजे ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, मेळघाट. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात पोस्टिंग असेल तर जंगल वेगळं, पाऊस वेगळा, तरी निम्मं उपयोगी पडेल. आणि एक, प्रत्येक प्रकल्पाचे आदेश वेगवेगळे असतात आणि दरवर्षी बदलतात, त्यामुळे मी लिहिलेलं आणि तुमच्या आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांचा लेखी आदेश यात फरक पडला तर आदेश खरा.

पायरी १: चार्ज घेताना घाई करू नका

आधीचा गार्ड बदलीच्या घाईत असतो, त्याला संध्याकाळची एसटी पकडायची असते आणि तो म्हणतो मॅडम सगळं आहे, सही करा. मी केली. यादीत ब्लोअर एक नग होता. ब्लोअर म्हणजे पाठीवर घ्यायचं ते पाला उडवायचं मशीन, आगीत त्याच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही. नग होता खरा, फक्त त्यात कार्बोरेटर नव्हता. हे मला मार्चमध्ये आग लागल्यावर कळलं.

म्हणून एकेक वस्तू हातात घेऊन चालू करून बघा. वायरलेस सेट बोलतो का, बॅटरी किती वेळ टिकते, जीपीएस चालू होतो का, ब्लोअर स्टार्ट होतो का, कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे, नंबर जुळतात का. लाकडावर सरकारी खूण मारायचा हातोडा चार्जमध्ये असेल तर तो डोळ्यांनी बघा आणि कुलपात ठेवा. पीओआरचं, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवालाचं, पुस्तक पानं मोजून घ्या, कोरं पान गायब असेल तर उद्या उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार. जे बंद आहे त्याच्यापुढे "नादुरुस्त" असं लिहून मगच सही. आधीचा गार्ड नाराज होईल, होऊ दे.

पायरी २: बीट पायाखालून घाला, आणि वनमजुराच्या मागून

आगीचा हंगाम सरकारी हिशोबाने १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याच्या आधी पूर्ण बीट एकदा तरी चालून झालं पाहिजे, गाडीवरून बघितलेलं धरायचं नाही. भरतीला मुलांना ४ तासांत २५ किमी आणि मुलींना १६ किमी चालायला लावतात, ते सपाट रस्त्यावर असतं. इथे नाल्यातून, बांबूतून, दगडगोट्यातून ८ किमी झाले तरी पाय बोलायला लागतात.

पुढे वनमजूर, मागे तुम्ही. वनमजूर त्याच गावातला, वीस-पंचवीस वर्षं त्याच जंगलात चाललेला असतो. त्याला कक्ष क्रमांक, म्हणजे नकाशावरचा जंगलाच्या भागाचा नंबर, कदाचित सांगता येणार नाही पण कोणत्या बोडीत (छोट्या तळ्यात) मेमध्ये पाणी राहतं, अस्वल कोणत्या वारुळावर येतं, गावातला कोणता माणूस रात्री टॉर्च घेऊन फिरतो, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. नवीन गार्डची कॉमन चूक म्हणजे खाकी अंगावर चढली की वनमजुराला हुकूम सोडायला लागायचं. मी आमच्यांना पहिल्या दिवसापासून मामा म्हणते, त्यांनी मला निदान तीनदा तरी वाचवलंय.

चालताना वहीत काय लिहायचं? पाण्याची प्रत्येक जागा, गावातून आत येणारी प्रत्येक पायवाट, मोहाची मोठी झाडं कुठे कुठे आहेत ते, जुनी जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) कुठे बुजलीय, हद्दीचा कोणता खांब पडलाय, आणि मोबाईलची रेंज कुठे येते. शेवटचं वाचून हसू नका. माझ्या बीटवर फक्त दोन ठिकाणी रेंज आहे, एक टेकडीवरचा खडक आणि एक जुन्या कुटीमागची चिंच. कुणाला साप चावला तर कुठे पळायचं हे आधीच ठरलेलं हवं.

सामान, थोडक्यात

कपडे सुती, फुल बाह्या. पॉलिस्टर घालून आगीजवळ जायचं नाही, ते वितळून कातडीला चिकटतं. बूट अर्धा नंबर मोठे कारण दुपारी पाय सुजतात. सकाळी बूट घालायच्या आधी उलटे करून झटका, विंचू ही काही गोष्टीतली भीती नाही. पाणी माणशी किमान ४ ते ५ लिटर. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातोच, कधी ४७ पण बघितलाय. ओआरएसची पाकिटं खिशात, आणि डोकं दुखायला लागलं, घाम यायचा बंद झाला, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर गस्त तिथेच थांबवायची, सावली, अंगावर पाणी, आणि गाडी बोलवायची. उन्हाने माणूस जातो, यात मर्दानगी दाखवण्यासारखं काही नाही.

संरक्षण कुटीत जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, दुखत पण नाही फारसं आणि सकाळी माणूस उठत नाही. खाट आणि मच्छरदाणी, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या. चावलंच तर ब्लेड नाही, दोरी नाही, मांत्रिक नाही, चावलेला हातपाय हलवू न देता सरळ प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात. तो दवाखाना कोणता आणि तिथे औषध खरंच आहे का हे जानेवारीत विचारून ठेवायचं.

मुलींसाठी वेगळं सांगते. कुटीला संडास-बाथरूम आहे का, दाराला आतून कडी आहे का, सोबत दुसरी महिला कर्मचारी असते का, हे पोस्टिंग मिळाल्यावर लगेच विचारा, न लाजता आणि शक्यतो लेखी. पाळीचं सामान दोन महिन्यांचं एकदम भरून ठेवा, सगळ्यात जवळचं दुकान कधी कधी २० किमीवर असतं. पाणी कमी प्यायचं म्हणजे लघवीला जावं लागत नाही, असा हिशोब कित्येक जणी करतात, मीपण केला, आणि युरिन इन्फेक्शन घेऊन आठवडाभर घरी पडले.

पायरी ३: रोजची गस्त

उन्हाळ्यात गस्तीचं टायमिंग सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि मग चारनंतर अंधार पडेपर्यंत. मधले तास पाणवठ्यावर लपणात बसायचे किंवा कागद लिहायचे. मोबाईलवर एम-स्ट्राइप्स अ‍ॅप असतं, २०१० पासूनची सिस्टीम आहे, तुम्ही कुठून कुठे चाललात तो ट्रॅक त्यात पडतो, शिवाय वाटेत दिसलेल्या खुणा, प्राणी, गुन्हे फोटोसकट नोंदवता येतात. पॉवर बँक सोबत हवी. गाडीवर फिरून पायी गस्त दाखवायचा शहाणपणा करू नका, वेगावरून लगेच कळतं.

रोज तीच वाट तीच वेळ असं करायचं नाही. तुमच्यावर पण कुणीतरी नजर ठेवून असतं. मॅडम सकाळी सातला उत्तरेकडून जातात आणि साडेनऊला परत येतात हे गावात सगळ्यांना पाठ झालं की संपलं. आठवड्यातून दोनदा तरी उलट्या दिशेने, कधी भर दुपारी, कधी पहाटे चारला निघा.

बघायचं काय तर आधी जमीन. बुटाचे ठसे, बिडीचं थोटूक, ताजी तोडलेली फांदी, नाल्याच्या अरुंद जागी प्राण्यांच्या वाटेवर लावलेला क्लच वायरचा फास. फास साधारण रानडुक्कर-चितळासाठी लावलेला असतो पण त्यात वाघ-बिबट्या पण अडकतो. एक सापडला की थांबू नका, आजूबाजूला अजून असतातच. आणि शेताच्या कडेची किंवा ११ केव्हीच्या लाईनखालची जमिनीलगत गेलेली तार दिसली तर हात लावायचा नाही, बांबूने पण ढोसायचं नाही, लांब राहून वीज कंपनीच्या लाईनमनला फोन करा, फीडर बंद झाला हे त्याने सांगितल्यावरच जवळ जायचं. करंटने वाघ मेलेत तशी माणसं पण मेलीत.

प्राण्यांचं म्हणाल तर पायी चालताना मला सगळ्यात जास्त भीती अस्वलाची वाटते. वाघाला तुम्ही आलेले आधीच कळतं आणि तो बहुतेक वेळा बाजूला होतो. अस्वल मात्र नाक खुपसून वारूळ खणत असतं, त्याला पत्ता नसतो, आणि दचकलं की सरळ अंगावर. म्हणून वळणावर, झुडपात, मोहाखाली शिरताना बोलत चला, काठी आपटत चला. चार-पाच पावलांचं अंतर ठेवून किमान दोघं, एकटं कधीच नाही. माकडाचा खोकल्यासारखा कॉल किंवा सांबराचा कॉल एकाच जागेवरून सारखा येत असेल, कावळे एका ठिकाणी उतरत असतील, कुजकट वास आला, तर पुढे शिकार पडलेली आहे असं समजून मागे फिरा. बछडे दिसले तर फोटो वगैरे विसरा, आई तिथेच आहे. वाघ समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, खाली बसायचं नाही, एकमेकांना चिकटून उभं राहायचं आणि त्याच्याकडे बघत हळूहळू मागे सरकायचं.

हे सगळं पाळून पण काही होणारच नाही असं नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोबात व्याघ्र प्रगणनेच्या, म्हणजे वाघांच्या मोजणीच्या, सर्वेसाठी पायी चालत असताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. सोबत वनमजूर होते, अनुभव होता. प्रगणना दर ४ वर्षांनी असते, त्यात प्रत्येक बीटवर मांसाहारी प्राण्यांच्या खुणांसाठी चालायचं आणि नंतर २ किमीची ट्रान्सेक्ट लाईन, म्हणजे दिसणारे प्राणी नोंदवत चालायची ठरलेली सरळ रेषा, चालायची असते. पुढे वाघ बसलेला दिसला तर थांबायचं, वायरलेसवर सांगायचं, आणि तो उठेना तर त्या दिवसाची लाईन सोडून द्यायची. डेटा उद्या पण मिळतो. वरून कुणी कटकट केली तर करू दे.

पायरी ४: पाणी

मार्च उजाडला की माझ्या वहीचं पहिलं पान पाणवठ्यांचं. नैसर्गिक किती, सिमेंटचे सॉसर म्हणजे बशीसारखे पाणवठे किती, सोलर पंपावरचे किती, टँकरचे किती. प्रत्येकापुढे शेवटचं कधी बघितलं ती तारीख. दोन दिवसांच्या वर एकही पाणवठा बिनबघता राहायला नको.

सोलर पंप बंद पडण्याचं निम्म्या वेळचं कारण म्हणजे पॅनलवरची धूळ आणि माकडांनी खेचलेली वायर. मेकॅनिकला फोन करण्याआधी फडकं मारून बघा. पाईप रानडुक्कर उकरतात, तो दगडाखाली गाडून टाका. सॉसरचा काठ उतरता आहे ना बघा, सरळ भिंतीच्या टाक्यात ससा, मुंगूस, पक्षी पडून मरतात, अशा टाकीत एक आडवी फांदी किंवा दगडांची उतरण करून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता महत्त्वाचं. उन्हाळ्यात पाणी थोड्याच जागी उरतं आणि शिकाऱ्याला हे आपल्याइतकंच माहीत असतं. युरिया किंवा शेतीतलं कीटकनाशक पाण्यात टाकतात. त्यामुळे पाणवठ्यावर गेल्यावर आधी पाण्याकडे न बघता भोवतीच्या झुडपात नजर टाका, लपण केलेलं आहे का, बसल्याच्या खुणा आहेत का, जाळं बांधायच्या काठ्या आहेत का. मग पाणी. मेलेले मासे, बेडूक, काठाला पडलेले पक्षी किंवा मधमाश्या, विचित्र वास, फेस, यातलं काहीही दिसलं तर पाण्याला हात लावायचा नाही, तिथून हलायचं पण नाही. वायरलेसवर सांगा, प्राणी पाण्यावर येऊ नयेत म्हणून तिथेच थांबून आवाज करत राहा, पशुवैद्यकीय अधिकारी आले की ते नमुना घेतील, मग पाणी उपसून टाकायचं. मेलेले पक्षी पण उचलायचे नाहीत, तो पुरावा आहे.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायला बाहेरचे लोक येतात, निसर्गानुभव म्हणतात त्याला. आपल्यासाठी तो कामाचा दिवस, मचाणाची शिडी मजबूत आहे का, लोकांकडे परफ्यूम, लायटर, दारू नाही ना, आणि रात्री कुणी खाली उतरणार नाही ना, एवढं बघायचं. पूर्वी असं मचाणावर बसून प्राणी मोजण्यावर बराच भर होता, आता वाघांचा आकडा कॅमेरा ट्रॅपवरून येतो, पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे असतात आणि दोन्ही बाजूंचे वेगळे असतात म्हणून कॅमेरे जोडीने लावतात.

पायरी ५: आग

विदर्भात जंगल आपोआप पेटत नाही. जवळपास प्रत्येक आगीमागे माणूस असतो. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवीन पान चांगलं फुटतं म्हणून पेटवतात, शेताचा धुरा (बांध) जाळताना आग आत येते, कुणी बिडी टाकतो, कुणी गार्डवर राग म्हणून लावतो. हो, हे पण असतं. एखाद्याचा बैल पकडून दिला आणि चार दिवसांनी त्याच कक्षात आग, योगायोग नसतो तो.

जाळरेषा फेब्रुवारीच्या मध्याच्या आत कापून, जाळून साफ झालेल्या हव्यात. जाळताना वारा नसलेली सकाळ किंवा संध्याकाळ बघायची, दोन्ही कडांना माणसं उभी करायची, आणि जाळून झाल्यावर निघून यायचं नाही, ओंडके, शेणाच्या गोवऱ्या, पोकळ खोडं धुमसत राहतात, दुपारी वारा सुटला की आपणच लावलेली आग आपल्याच जंगलात शिरते. सागाचा पाला मार्चमध्ये परत पडतो, त्यामुळे जाळरेषा एकदा साफ केली की झालं असं नसतं, ब्लोअरने दर आठ-दहा दिवसांनी परत मारावी लागते.

आगीची खबर तीन वाटांनी येते. एक, भारतीय वन सर्वेक्षणाचा सॅटेलाईट अलर्ट, मोबाईलवर एसएमएस. दोन, टेकडीवर बसवलेला फायर वॉचर. तीन, गावातला फोन. यात सगळ्यात फास्ट गावातला फोन. सॅटेलाईट दिवसातून ठरावीक वेळांनाच वरून जातं, एका सेन्सरचा ठिपका ३७५ मीटरचा तर दुसऱ्याचा १ किमीचा, म्हणजे मेसेजमधल्या पॉईंटवर पोचलात आणि तिथे काही नाही असं होतं, आजूबाजूला धूर शोधायचा. आपण जाळरेषा जाळली तरी अलर्ट येतो, त्याचं पण उत्तर भरून पाठवायचं, नाहीतर नंतर विचारणा येते.

आता प्रत्यक्ष आग. धूर दिसला की आधी वायरलेसवर सांगा मग निघा, हिरोगिरी करत एकटं धावत सुटायचं नाही. पोचल्यावर पहिली दोन मिनिटं नुसतं बघायचं. वारा कुठून आहे, उतार कुठे आहे, पुढे काय आहे, आणि आपण पळायचं झालं तर कुठे. पळायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे आधीच जळून काळी झालेली जमीन, तिथे परत काही पेटत नाही. आग चढावर जोरात पळते, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला किंवा घळीत कधीच उभं राहायचं नाही. बांबूची वाळलेली बेटं असतील तर लांब राहा, फटाक्यासारखे फुटतात आणि पेटलेले तुकडे चहूकडे उडतात.

विझवायला आगीच्या तोंडासमोर जाऊ नका. मागून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंनी कडा मारत मारत तोंडाकडे या. पुढे ब्लोअरवाला पाला आणि ज्वाळा जळालेल्या बाजूला ढकलतो, त्याच्या मागे हिरव्या फांद्या घेतलेले दोघं-तिघं उरलेलं दाबतात. फांदी उंच उचलून धपाधप मारली तर ठिणग्या उडतात, ती ओढल्यासारखी दाबायची. ब्लोअरमध्ये पेट्रोल भरायचं तर आगीपासून लांब आणि मशीन थंड झाल्यावर. उलटी आग म्हणजे जाळरेषेवरून समोरच्या आगीकडे मुद्दाम लावलेली आग, ती जुन्या माणसांनी लावायची, आणि पलीकडे आपलं कुणी नाही हे वायरलेसवर पक्कं करूनच, पहिल्या वर्षी तुम्ही फक्त बघा. धुरामुळे आग्या मोहोळ उठलं तर आग सोडून द्या आणि पळा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर गेले. आग आटोक्यात येतेय असं वाटत असतानाच वारा फिरतो, अशा दुपारी मी स्वतः एकदा सापडलेय, मामांनी दंड धरून काळ्या जमिनीवर ओढलं म्हणून इथे लिहितेय. त्या दिवशी ४० हेक्टर जळलं आणि मला नोटीस आली. नोटिशीचं उत्तर देता येतं.

विझल्यावर दोन तास तिथेच. हाताची मागची बाजू जमिनीजवळ धरून ऊब लागते का बघत कडेने फिरायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत एक चक्कर.

पायरी ६: मोह आणि तेंदू, म्हणजे माणसं

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह पडतो, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता. वाघ-माणूस समोरासमोर येण्याचे सगळ्यात वाईट महिने हेच. बाई वाकून मोह वेचत असते, डोकं खाली, अंधार पुरता गेलेला नसतो, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. कोअरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या आतल्या गाभ्यात, अर्थातच बंदी, पण बफरमध्ये, म्हणजे त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात, गावाची वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत असते, तिथे नुसती बंदीची पाटी लावून उपयोग नाही.

मी काय करते ते सांगते. मोहाच्या आधी घरोघर जाऊन, शक्यतो बायकांशी बोलते, सभा घेऊन भाषण दिलेलं कुणी ऐकत नाही. पाला जाळू नका, झाडून घ्या, नाहीतर झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरा. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, चार-पाच जणींनी मिळून जायचं, त्यातल्या एकीने न वेचता फक्त आजूबाजूला बघत उभं राहायचं, लहान पोरं घरी. रात्री कॅमेऱ्यात किंवा पगमार्कवर वाघ ज्या बाजूला दिसला ती बाजू सकाळी पीआरटीच्या (गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या) पोरांकडून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची, "आज पश्चिमेच्या नाल्याकडे जाऊ नका" एवढंच. नेमकी जागा कधीच टाकायची नाही, ती भलत्याच लोकांना पण वाचता येते.

गावात जुनी माणसं गार्डला अजून नाकेदार म्हणतात, आणि त्या शब्दात थोडी भीती थोडा राग दोन्ही असतं. बैल मारला की तो राग वर येतो. तेव्हा सगळ्यात आधी पोचायचं. खबर ४८ तासांच्या आत यायला हवी आणि पंचनामा होईपर्यंत जनावर हलवायचं नाही हे लोकांना आधीपासून सांगून ठेवा. पंचनामा त्याच दिवशी, फॉर्म तिथेच भरून घ्या, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स तिथेच मागा. पैसे मिळायला उशीर झाला तर लोक मेलेल्या बैलावर विष टाकतात आणि वाघ परत खायला येतो. माझ्या मते वेळेत भरलेला नुकसानभरपाईचा फॉर्म चार रात्रीच्या गस्तींइतका वाघ वाचवतो, पण गस्तीचे फोटो निघतात आणि फॉर्मचे निघत नाहीत.

पायरी ७: गुन्हा आणि कागद

गुन्हा दिसला की पीओआर तिथेच फाडायचा, कुटीत येऊन आठवून लिहायचा नाही. कार्बन नीट बसवा, मागच्या प्रतीवर अक्षर उमटलंच नाही म्हणून केस लटकलेली मी बघितलीय. तारीख, वेळ, कक्ष क्रमांक, जीपीएस, काय सापडलं, किती नग, कुणाच्या समोर. दोन पंच. जप्त वस्तूचा फोटो आधी जागेवर जशी होती तसा, मग उचलून. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधली चार कलमं तोंडपाठ ठेवा, शिकारीचं ९, विनापरवाना प्रवेशाचं २७, आग लावण्याचं ३०, झडती-जप्ती-अटकेचं ५०. बाकी भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६. आरोपी पकडला तर मारायचं नाही, २४ तासांच्या आत कोर्टासमोर गेला पाहिजे, आणि महिला असेल तर महिला कर्मचारी हवीच.

मेलेला वाघ सापडला तर नियम असा की शिकार नाही हे सिद्ध होईपर्यंत ती शिकारच धरायची. तुमचं काम एवढंच, लांबूनच थांबा, दोरी बांधा, कुणालाही आत सोडू नका, अगदी ओळखीच्या साहेबांच्या भावाला पण, रात्रभर जागावं लागलं तरी जागा. शवविच्छेदन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या प्रतिनिधीसमोर होतं, नखं, दात, मिशा मोजल्या जातात, आणि मग सगळं जाळून टाकतात. तोपर्यंत तुमच्या मोबाईलमधला फोटो कुणाला पाठवायचा नाही.

जून

१५ जूनला आगीचा हंगाम कागदावर संपतो, पण पाऊस लांबला तर वॉचर लगेच सोडू नका. पहिल्या सरी पडल्या की कोअरचे रस्ते चिखल होतात आणि १ जुलैपासून पर्यटन बंद, पण गस्त चालूच असते, उलट गाड्या नसल्यामुळे ती जास्त लागते. त्याच्या आधी कुटीत तांदूळ, डाळ, तेल, मीठ, मेणबत्त्या, कोरडं लाकूड भरून घ्या, नाला भरला की आठ-आठ दिवस पलीकडे जाता येत नाही. कॅमेरा ट्रॅपच्या बॅटऱ्या काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा. सोलर पंपाचे स्टार्टर झाकून ठेवा. ब्लोअरमधलं पेट्रोल पूर्ण काढून टाका, चार महिने तसंच राहिलं तर कार्बोरेटर जाम होतो, आणि मग कुणीतरी तो काढून ठेवतो आणि परत बसवायचा राहतो.